केळशीला स्पीकर न्यायचा नाही

बी-३०२ जोशीकाकू: मंदार, सोसायटीची ट्रिप निघायच्या आधीच दापोलीजवळच्या केळशीचं रील लोकेशनसकट स्टेटसला टाकलंयस. वर 'चलो पार्टी'! माझं माहेर आहे ते.

ए-१०१ मंदार: काकू, जाहिरातच झाली ना गावाची 😄

जोशीकाकू: गावाने मागितली होती का? आंजर्ल्यापर्यंत गर्दी आलीच आहे. आता केळशीतही वाळूत गाड्या घाला.

खजिनदार: ट्रिपचे माणशी १२०० आज भरावेत. ज्यांनी भरले त्यांनी दुर्लक्ष करावे.

पवारकाका: गुहागरवरून धोपावे, तिथून फेरीबोटीने दाभोळ. बस बोटीतच चढते. पोरं खूश.

सी-२०४ सावंत: मागच्या ट्रिपला बोट चुकली होती, आठवतंय? आपलं खेड-दापोलीच बरं.

पवारकाका: बोट चुकली कारण काही लोकांना पोहे दोनदा हवे होते.

सावंत: नाव घेऊन बोला.

खजिनदार: माणशी १२००. आज.

ए-३०१ शिंदेवहिनी: बघण्यासारखं काय आहे पण?

जोशीकाकू: महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा. आणि भारजा नदी समुद्राला मिळते तिथली वाळूची टेकडी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधक अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास करून १५२४ च्या त्सुनामीशी संबंध जोडलाय. पुलाच्या कामात तीही कापली. उरलीय तिच्यावर घसरगुंडी खेळू नका. आणि नदीच्या मुखाशी पोरांना एकटं सोडायचं नाही, पाण्याला ओढ असते.

मंदार: छोटा ब्लूटूथ स्पीकर तरी? संध्याकाळपुरता?

जोशीकाकू: नाही. सात वाजले की तिथे सुरूच्या बनातला वारा ऐकू येतो. तुझं ढिंच्याक इथे पार्किंगमध्ये रोज ऐकतोच आहोत.

शिंदेवहिनी: 🤣🤣

सावंत: पार्किंगवरून आठवलं, ॲक्टिव्हा परत टँकरच्या वाटेत आहे. पाणी नको असेल तर तसं सांगा.

मंदार: काढतो हो. सगळं माझ्यावरच.

पवारकाका: मासे कुठे खायचे ते ठरलं का?

जोशीकाकू: माझ्या वहिनीकडे जेवण शाकाहारी. मासे हवेत त्यांनी हर्णैला लिलाव बघून तिथेच खावेत.

सावंत: म्हणजे आम्ही पंगतीबाहेर. समजलं.

जोशीकाकू: बाहेर कुठे, संध्याकाळी हर्णै, दुपारी मोदक! उगाच फाटे फोडू नका.

मंदार: काकू, लोकेशन काढलं. रील राहू दे?

जोशीकाकू: गावाचं नाव पण काढ. आणि माणसं किती ते रात्रीपर्यंत सांगा, वहिनीला नारळ खवायला वेळ लागतो.

खजिनदार: ज्यांनी १२०० भरले त्यांचीच नावं कळवतो. सध्या एकटे पवारकाका.