विधवा प्रथाबंदीचा ठराव गावात करायचाय: नुसता कागद होऊ नये म्हणून काय करावं?

करवीरकाठ विचारतात:

आमचं गाव करवीर तालुक्यात, मतदार साधारण दोन हजार. विधवा प्रथा बंद करणाऱ्या हेरवाड गावाच्या धर्तीवर ठराव घ्यायची तयारी सुरू आहे. सरपंच राजी आहेत, सदस्यांपैकी तिघं गप्प आहेत. प्रश्न तीन.
ठरावात नेमकं काय लिहायचं? मोडणाऱ्याला दंड लावता येतो का? ठरावाआधी गावात चार ठिकाणी सभा घ्यायच्या आहेत. तिथं धर्मावर सरळ बोललं तर 'भावना दुखावल्या' म्हणून गुन्हा दाखल होतो का? एक ज्येष्ठ म्हणतात, धर्माचं नावच काढू नका, फक्त रूढी म्हणा. तरुण पोरींना ते पटत नाही.
गोल गोल नको, करून बघण्याजोगं सांगा.

---

घोडावत्या यांचं उत्तर:

आधी दंडाचं, कारण बहुतेक गावं तिथंच घसरतात. दंड लावता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावाला शिक्षेचा अधिकार नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ठराव केला, १७ मे २०२२ ला ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं, पण त्यातही बाकीच्या ग्रामपंचायतींना असा ठराव करायचं आवाहनच आहे, सक्ती नाही. 'प्रथा पाळणाऱ्या घराशी गावानं व्यवहार ठेवू नये' असली ओळ तर चुकूनही घालू नका. राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सुधारणा करणारेच आरोपी व्हायचे.

कार्यपद्धती पक्की ठेवा. विषयपत्रिकेत हा विषय स्वतंत्र क्रमांकानं यायला हवा. 'आयत्या वेळचे विषय' यात घुसवला की सहा महिन्यांनी कुणीतरी म्हणतोच, आम्हाला माहीतच नव्हतं. नोटीस सात दिवस आधी, दवंडीसह. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. तुमच्याकडं दोन हजार मतदार, म्हणजे १०० डोकी लागतात, आणि ती सह्यांच्या रजिस्टरात दिसली पाहिजेत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानंच सांगितलंय. बहुतेक ठिकाणी ती कागदावर उरकतात. तुम्ही ती खरोखर घ्या, ठराव आधी तिथं मंजूर करा आणि मग मुख्य सभेत मांडा. सूचक आणि अनुमोदक दोघी बायकाच असू देत. गप्प बसलेल्या तिघांना मग उघड विरोध करणं जड जातं.

मसुदा लांबवू नका:

"पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे, तसेच हळदी-कुंकू, ओटीभरण, औक्षण, लग्नकार्य यांतून तिला वगळणे या प्रथा ही ग्रामसभा अमान्य करीत आहे. कोणताही अलंकार वापरणे अथवा न वापरणे हा त्या स्त्रीचा स्वतःचा निर्णय राहील."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर उद्या 'ठराव झालाय, तू कुंकू लावायलाच पाहिजेस' असं सांगणारे निघतात. सक्ती उलटी फिरली एवढंच.

आता खरं काम. ठराव वर्षातून एकदा वाचला जातो, प्रथा मात्र मृत्यूनंतरच्या दोन-चार तासांत उरकली जाते. पार्थिव उचलायच्या आधी दारात भावकी जमते, पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या पुढं होतात, मनगट दगडावर किंवा उंबऱ्यावर आपटलं जातं, काच फुटून हाताला लागतं, मंगळसूत्राची वाटी ओढून तोडतात. त्या क्षणी त्या बाईला 'नको' म्हणायचं भान नसतं, तिला विचारतही कोण नाही. म्हणून निरोप मिळाल्यापासून तासाभरात पोचेल असा पाच जणींचा गट लागतो: बचत गटातल्या दोघी, आशा किंवा अंगणवाडी सेविका, आणि दोघी स्वतः विधवा, वयानं मोठ्या. या दोघींशिवाय गट पाठवू नका. सवाष्ण तरुण पोरगी 'बांगड्या फोडू नका' म्हणाली की म्हाताऱ्या म्हणतात, तुला काय कळतंय. विधवा म्हातारी तेच बोलली की ऐकतात.

कामं वाटून घ्यायची. एक जण त्या बाईच्या शेजारी बसून राहते आणि काही झालं तरी उठत नाही. एक जण थोरल्या दिराशी किंवा भावकीतल्या कर्त्या माणसाशी बाजूला बोलते, चारचौघांत नाही, कारण चारचौघांत तो माघार घेऊ शकत नाही. उरलेल्या पाहुण्यांतल्या बायकांजवळ. भाषण नको, वाद नको, ठरावाची प्रत नाचवणं तर नकोच. धोक्याचा दुसरा क्षण तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला. पहिल्या दिवशी वाचलेल्या बांगड्या तिथं जातात, कारण गट समजतो काम झालं. तिसरा क्षण दिवसकार्याचा. माहेरची माणसं येतात तेव्हा, म्हणून माहेरालाही आधी फोन करा.

जोडप्यांकडून हयातीतच संकल्पपत्र भरून घेता आलं तर फार उपयोग होतो: 'माझ्यामागे माझ्या पत्नीवर ही प्रथा लादू नये.' साधा कागद, नवऱ्याची सही, दोन साक्षीदार, एक प्रत गटाकडं. काही जण स्टॅम्पपेपरवर करतात, त्यानं कायदेशीर वजन फारसं वाढत नाही. पण मेलेल्या माणसाची इच्छा म्हटल्यावर भावकी थबकते, तेवढ्यासाठीच तो कागद.

---

बिंदू चौक यांचं उत्तर:

सभांपुरतं बोलतो.

धर्मभावना दुखावल्याबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. पण कलमातले शब्द वाचा: हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीनं एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यातच सांगितलं की नकळत किंवा बेफिकिरीनं झालेला अपमान यात येत नाही. टीका आणि अपमान यांतली रेघ तिथं आहे. न्यायालयाला दखल घ्यायला सरकारची पूर्वमंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम २१७), मात्र एफआयआर नोंदवायला लागत नाही. त्रास होतो तो या मधल्या काळात.

दिलासा दोन ठिकाणी. तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातल्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, उपअधीक्षकांच्या परवानगीनं, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात पोलिसांनी शक्यतो तीच वाट धरावी. तक्रार आल्याचं कळलं की वकिलामार्फत पोलीस ठाण्याला या निकालाचा हवाला देणारा अर्ज द्या. आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नाही, आधी त्याच संहितेच्या ३५(३) ची, हजर राहायची नोटीस द्यायची असते.

प्रत्यक्षात काय करायचं? भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका सलग व्हिडिओत घ्या. तीस सेकंदांचा तुकडा फिरतो तेव्हा संपूर्ण चित्रफीत हाच बचाव. वक्त्यानं मुद्दे लिहून आणावेत. अमुक देव, अमुक समाज यांची टिंगल नको. नियम, ग्रंथातलं वचन, त्याचा परिणाम यावर हवं तेवढं कडक बोला. सणासुदीच्या आसपास जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१)(३) चा बंदी आदेश असतो, पाच माणसं जमवणंही त्यात अडकतं, म्हणून तारीख ठरवण्याआधी चौकशी करा. ध्वनिक्षेपकाची परवानगी लेखी घ्या, रात्री दहानंतर बंद.

आणि सुतकाच्या घरात धर्मचिकित्सा करू नका. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर तिथं न्याय संहितेचं कलम ३०२ लागू शकतं, म्हणजे जुनं २९८: एखाद्याच्या कानावर जावं म्हणून मुद्दाम धर्मभावना दुखावणारे शब्द उच्चारणं. माणुसकीच्या भाषेत वेगळं सांगायला नको. नवीन संहितेत ३०२ म्हणजे खून नव्हे, गावात हा गोंधळ नक्की होणार. 😄

कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला कॉ. गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. म्हणून वक्त्याला रात्री एकट्यानं परत पाठवू नका. धमकी आली तर स्क्रीनशॉट, क्रमांक, वेळ जपून ठेवून लेखी तक्रार, पोच घेऊन.

---

उंबरठा यांचं उत्तर:

तुमच्या ज्येष्ठांच्या सल्ल्याबद्दल. 'ही रूढी आहे, धर्म नव्हे' हे वाक्य सोयीचं आहे, पण अर्धंच खरं. स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेनं केस काढावेत, एकदाच जेवावं असं स्पष्ट लिहिलंय. सभेत एखादा वाचलेला माणूस उठून ते दाखवेल, आणि 'धर्मात नाही म्हणून सोडा' म्हणणारा वक्ता उघडा पडेल. त्यापेक्षा सरळ म्हणा: ग्रंथात असो वा नसो, जिवंत बाईचा हक्क त्याहून वरचा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, तोही कुणा शास्त्रीबुवांची मान्यता मिळेपर्यंत थांबून नव्हे.

चिकित्सा एकाच धर्माची केली तर मात्र आरोप रास्त ठरतो. गावात मुस्लिम घरं असतील तर इद्दतच्या (नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवेनं पाळायच्या ठरावीक काळाच्या) नावाखाली बाईला कामावर जाऊ न देणं, हाही विषय घ्या. पण तो त्यांच्यातल्याच बायकांच्या तोंडून. १८ एप्रिल १९६६ ला मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला तेव्हा त्यात सातच मुस्लिम महिला होत्या. संख्या कमी म्हणून थांबायचं कारण नाही.

घोडावत्या यांच्या मसुद्यातल्या हळदी-कुंकवाबद्दल एक मतभेद. ठरावानंतर गावोगावी 'विधवांचं हळदी-कुंकू' भरतं, फोटो निघतात. बाईची किंमत कुंकवावर मोजणं त्यानं थांबत नाही, कुंकवाचा परवाना वाढवून मिळतो. कार्यक्रमच करायचा तर सगळ्या बायकांचा करा, कुंकू ऐच्छिक ठेवा, आणि त्यात वारसनोंदीचा टेबल लावा.

---

घोडावत्या:

मतभेद मान्य, पण पूर्ण नाही. चाळीस वर्षं ओटीपासून लांब ठेवलेल्या म्हातारीला तत्त्व सांगून चालत नाही, तिला आधी रांगेत बसायचं असतं. टेबलाची कल्पना मात्र झकास.

---

करवीरकाठ:

सगळ्यांचे आभार. मसुदा घेतला. वारसनोंदीचं जरा उलगडून सांगाल? आमच्याकडं तेराव्यानंतर लगेच कागदावर सह्या घ्यायची पद्धत आहे.

---

सातबारा यांचं उत्तर:

तो कागद म्हणजे बहुधा हक्कसोडपत्र. गटानं त्या बाईला पहिल्याच आठवड्यात एवढंच सांगावं: तीन महिने कशावरही सही, अंगठा नाही. स्थावरातला हिस्सा सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडं नोंदवावा लागतो, घरी कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीनं हिस्सा जात नाही. पण तीच सही पुढं 'संमती' म्हणून दाखवली जाते. दबावानं नोंदणीकृत दस्त झालाच असेल तर रद्द करायला दिवाणी दावा, मुदत साधारण तीन वर्षं.

हिंदू वारसा कायद्यानं नवऱ्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि हयात असेल तर त्याची आई, सगळे पहिल्या वर्गाचे वारस, हिस्सा सारखा. पुनर्विवाह केला म्हणून मिळालेला हिस्सा परत जात नाही. भावकी नेमकं उलटं सांगते.

क्रम असा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. मग तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज, तीन महिन्यांच्या आत: मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र. पोच घ्या. नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये (वारसांची नोंदवही), मग फेरफार, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. सगळ्यात जास्त चूक प्रतिज्ञापत्रात होते: दीर ते बनवून आणतो आणि त्यात सुनेचं किंवा मुलींचं नावच नसतं. ते वाचून घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका. हरकत लेखी द्यायची, तोंडी सांगितलेली फेरफारात दिसत नाही.

दागिने. मंगळसूत्र, पाटल्या काढून सासूच्या कपाटात जातात आणि परत येत नाहीत. ते स्त्रीधन, मालकी तिचीच. गटातल्या कुणीतरी त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

घरातून काढायला लागले तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं कलम १७: घरात हिस्सा नसला तरी राहायचा हक्क. अर्ज संरक्षण अधिकाऱ्याकडं. त्यांचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर ठरावाच्या प्रतीशेजारीच लावा, शिवाय १८१ (महिला मदत क्रमांक) आणि ११२ (पोलीस).

घर दारिद्र्यरेषेखाली असेल आणि नवरा १८ ते ५९ वयाचा, कमावता असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. संजय गांधी निराधारचा अर्जही तहसीललाच, दोन्ही एकाच फेरीत द्या.