ट्रस्ट फंड : ठेव की न्यास?

प्रश्न (म्हापसा) : नातवाच्या शिक्षणासाठी काही रक्कम बाजूला काढायची आहे. मुलगा म्हणतो, "ट्रस्ट फंड करा." हा मुदत ठेवीचाच प्रकार का? मराठीत त्याला काय म्हणतात?

उत्तर : नाही, काका. मुदत ठेव तुमच्याच मालकीची. अडचण आली की मोडता. ट्रस्टमध्ये रक्कम विश्वस्ताच्या नावावर जाते, पण तो ती स्वतःसाठी खर्चू शकत नाही. सांभाळायचे त्याने, लाभ नातवाचा. १८८२ चा भारतीय न्यास कायदा खाजगी ट्रस्टसाठीच आहे. या व्यवस्थेला ‘न्यास’ आणि तिच्यातल्या पैशाला ‘न्यासनिधी’ म्हणावे. ‘विश्वस्त निधी’ही रूढ आहे, चालेल. धर्मशास्त्रातही विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला न्यासच म्हणत.

खरी मेहनत न्यासपत्रात, म्हणजे न्यासाच्या अटींच्या दस्तात घ्या. फी थेट कॉलेजात भरायची की नातवाच्या हाती द्यायची, उरलेली रक्कम त्याला कितव्या वर्षी मिळावी, विश्वस्त वारला तर त्याच्या जागी कोण, हे सगळे लिहा. घर किंवा भाट (माडांची बागायत) न्यासात घालणार असाल तर न्यासपत्राची नोंदणी हवीच.

आणि एक गोष्ट गोव्यापुरती. आपल्या वारसा कायद्यात मुलांचा अर्धा वाटा राखीव असतो. मृत्युपत्राने किंवा बक्षीस देऊन तो डावलता येत नाही. लग्न सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झाले असेल तर निम्मी मालमत्ता मुळात काकूंची. म्हणजे न्यासात किती घालता येईल हे आधी नोटरीकडून समजून घ्या, मग मुलाशी बोला.

प्रश्न : मग आमच्या देवळाचा फंड?

उत्तर : त्याला सरसकट ट्रस्ट फंड म्हणू नये. इथली देवस्थाने १९३३ च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमावलीखाली येतात. महाजन, म्हणजे देवळाचे वंशपरंपरागत सभासद, समिती निवडतात, मामलेदार प्रशासक असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची चौकट वेगळी.

उलट ज्याला आपण नुसता ‘सरकारी फंड’ म्हणतो, तो गोव्यातल्या लोहखनिजाचा कायम निधी न्यासाच्या कल्पनेला फार जवळचा आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या रकमेतले १० टक्के त्यात भरायला सांगितले, तेही पुढच्या पिढ्यांचा वाटा राहावा म्हणून. डोंगर एकदाच खणता येतो. त्या पैशाला ‘सरकारी’ म्हटले की तो आजच खर्चायचा वाटतो, म्हणून हा शब्द मला खटकतो.