रीडिंग आधीच ठरलेलं असेल तर प्रॅक्टिकल कशाला?

ब्रेडबोर्ड
दुसऱ्या वर्षाच्या इलेक्ट्रॉनिक्सची प्रॅक्टिकल्स घेतो. आरसी फिल्टरला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, सूत्राने कटऑफ (ज्याच्या वर सिग्नल दबायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) १.५९ किलोहर्ट्झ. गेल्या सत्रात एका बॅचच्या वीसच्या वीस जर्नलांत १.५९! आमचे सिरॅमिक कपॅसिटर २० टक्के इकडेतिकडे, रेझिस्टर ५ टक्के. म्हणजे १.२६ ते २.१ मध्ये काहीही येऊ शकतं. मुलं सीआरओवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर) एक बघतात, लिहितात दुसरंच, कारण मॅन्युअलमधलं उत्तर जुळलं नाही तर सही मिळत नाही.

यंदा मॅन्युअल दिलंच नाही. गाण्यात मिसळलेली १० किलोहर्ट्झची शिट्टी दबवा, एवढंच सांगितलं. निम्म्या गटांना जमलं नाही. पण एकीने कपॅसिटर मीटरला लावला, ०.१ऐवजी ०.०८३ आला. "सर, मग वर छापलंय ते?" त्यानंतर टॉलरन्स (छापील आकड्यापासून चालणारा फरक) शिकवायला मला फळ्याकडे जावं लागलं नाही. माझं मत: मॅन्युअल बंद करा.

मशीन लॅब
अजिबात पटलं नाही. तुमच्या टेबलावर पाच व्होल्ट, माझ्याकडे ४१५ व्होल्ट थ्री फेज. डीसी शंट मोटर चालू असताना फील्डची (चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीची) वायर सुटली, तर बिनलोडची मोटर पिसाटासारखी पळते. फील्डचा रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रोध) किमान, आर्मेचरचा (फिरणाऱ्या गुंडाळीचा) कमाल, मगच सप्लाय. हे मुलांनी चुकत चुकत शोधायचं का? शिवाय वीस मुलं, चालू सेट दोन.

तिसरं वर्ष
विद्यार्थी म्हणून सांगते. आम्हाला असा मोकळा प्रयोग मिळाला होता. सीआरओचा ट्रिगर (पडद्यावरची लाट स्थिर ठेवणारी सेटिंग) लावता येईना, दोन तास पळती लाईन थांबवण्यात गेले. गटात एकाने केलं, तिघांनी पाहिलं. आधी उपकरण हातात बसू द्या.

ब्रेडबोर्ड
ट्रिगरचं खरंय, पहिली दोन प्रॅक्टिकल्स त्यालाच द्यायला हवीत. मशीन लॅबमध्येही पायऱ्या छापलेल्या असोत, उत्तर नको. सप्लाय देण्याआधी प्रत्येकाने स्पीडचा अंदाज वहीत लिहावा आणि फरक का पडला ते सांगावं.

मशीन लॅब
अंदाज लिहून घेईन, पुढच्या आठवड्यापासूनच. पण ओरलला एक्स्टर्नल (बाहेरचा परीक्षक) जर्नल उघडतो आणि न जुळलेल्या रीडिंगवर लाल गोल करतो. त्या मुलाचे मार्क कापले जाणार नाहीत, एवढं आधी विभागाकडून लेखी घ्या.