पाना धरता येत नाही त्याने फियाट घेऊ नये म्हणे! चर्चा

कोलशेतचा_पाना
परवा एका मुलाने फोटो टाकला. नौपाड्यातल्या एका आजोबांकडून १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, घेतली, पाच वर्षं बिल्डिंगखाली उभी होती, रस्त्यावर आणायची तर सुरुवात कुठून करू, एवढंच विचारलं होतं त्याने. त्यावर पहिलंच उत्तर काय, तर "पाना धरता येत नाही त्याने जुनी गाडी घेऊ नये, दीड लाख बाजूला काढ आणि गॅरेजला टाक, नाहीतर भंगारवाल्याला दे". आणि त्याला चाळीस लाईक. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, म्हणून सविस्तर लिहितो.

ही गाडी शिकण्यासाठीच आहे हो. १०८९ सीसी, एक कार्बोरेटर, एक कॉइल, एक पॉइंट सेट, बॉनेट उघडलं की खालची जमीन दिसते. मी २०११ ला घेतली तेव्हा टॅपेट कशाला म्हणतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं मला. आज वागळे इस्टेटच्या मेकॅनिकशी बोलताना तो मला उडवून लावू शकत नाही, कारण मी सगळं एकदा स्वतः उघडलंय.

मुला, तू ऐक. आधी चावी मारू नकोस. चारही स्पार्क प्लग काढ, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सकाळी टॉप गिअरला टाकून गाडी हाताने ढकल, पंखा फिरला तर इंजिन मोकळं आहे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, त्याला वॉर्निशसारखा वास येत असेल, तोच चिकटा कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतो. टाकी साफ होईपर्यंत इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला पाईप जोडून बाटलीतून पेट्रोल दे. इंजिन ऑइल नवीन घाल आणि मगच स्टार्टर मार. सुरू झाली की लगेच घोडबंदर रोडला चक्कर मारायची नाही, कारण खरं काम तिथून पुढे आहे. ब्रेक. चारी चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच लाईन, एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. मास्टर सिलेंडरचं (पेडलने ऑइलवर दाब देणारा) किट, चारही चाकांच्या व्हील सिलेंडरचं रबर, तिन्ही-चारी होज म्हणजे रबरी पाईप, नवीन डॉट थ्री ब्रेक ऑइल. चालतंय वाटलं तरी बदल. हे सगळं घरी होतं, हे मी करून सांगतोय. रंग शेवटी. लोक आधी ऐंशी हजाराचं पेंटिंग करतात आणि मग गाडी थांबत नाही म्हणून विकतात.

मुंब्रा_बायपास
ते उत्तर माझं होतं. लपवायचं काही कारण नाही, शब्द कडक होते, पण मुद्दा मी मागे घेणार नाही.

इंजिनाचं तुम्ही लिहिलेलं सगळं मान्य. ते बिघडलं तर गाडी जागेवर उभी राहील, कोणी मरणार नाही. पण आयुष्यात पहिल्यांदा पाना धरणाऱ्याला तुम्ही थेट ब्रेक उघडायला सांगताय. माझ्या मावसभावाने २०१४ ला हेच केलं. किट बरोबर आणलं, व्हिडिओ बघून बसवलं, आणि पिस्टन सहज आत जावा म्हणून रबराला बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं. खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सहा दिवस गाडी मस्त थांबत होती. सातव्या दिवशी मुंब्रा बायपासच्या उतारावर पेडल जमिनीला टेकलं, हा कठड्याला घासत घासत थांबला. मनगट दोन ठिकाणी मोडलं. समोर ट्रेलर असता तर? मी शेजारच्या सीटवर होतो. त्यामुळे "घरी होतं" हे वाक्य वाचलं की मला कसं होतं ते तुम्हाला नाही कळायचं.

कोलशेतचा_पाना
मावसभावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण मग दीड लाख घेणारा देवमाणूस असतो का? मी पहिल्यांदा गाडी गॅरेजलाच दिली होती, ठाण्यातलंच, नाव घेत नाही. बिलावर स्पष्ट लिहिलेलं, चार होज नवीन. गाडी डावीकडे ओढायची, दोन किलोमीटर चाललं की पुढचं चाक हात लावू नये इतकं तापायचं. शेवटी मीच होज काढला आणि ब्लेडने उभा चिरला. बाहेरून काळा कुळकुळीत, टायर पॉलिश मारलेली, आणि आत रबर सुजून भोक सुईएवढं. पेडल दाबलं की ऑइल जोराने पुढे जायचं पण परत यायला वाटच नाही, म्हणून ब्रेक धरूनच राहायचा. तो तुकडा अजून माझ्या खणात आहे. स्वतः उघडलं नसतं तर आजही मी त्या बिलावर विश्वास ठेवून फिरत असतो.

ऐरोलीकर_१९७८
तुम्ही ब्रेकवर भांडताय पण आजच्या तारखेला जुन्या गाडीचा खरा शत्रू पंपावर मिळतोय, त्यावर कोणी बोलत नाही. ई ट्वेंटी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल! माझी गाडी दर रविवारी ठाणे-बेलापूर रोडला चालायची, काही त्रास नाही. गेल्या पावसाळ्यात डिपस्टिक काढली तर ऑइल खुणेच्या वर, आणि नाकाशी नेलं तर चक्क पेट्रोलचा वास. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम म्हणजे रबरी पडदा चिरला होता, पेट्रोल सरळ इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होतं. तसंच महिनाभर चालवलं असतं तर बेअरिंग गेले असते. डायफ्रॅम दोन वर्षांपूर्वीच बदललेला, बरं का. त्या काळच्या रबराला इथेनॉल चालत नाही, ते मऊ होतं, फुगतं, मग चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे चार महिने भिंतींना ओल असते, उभ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला बसणारच. मुला, ब्रेकच्याही आधी पेट्रोलचे सगळे पाईप बदल, इथेनॉल सोसणारा, एसएई जे ३० आर ९ छापलेलाच पाईप घे, साधा काळा पाईप घेऊ नकोस.

फडातला
झालं, इथेनॉल म्हटलं की आलं उसाच्या शेतकऱ्यावर. मी खारघरला राहतो पण घर सांगली जिल्ह्यात, वडिलांचा चार एकर ऊस आहे. १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, द्यायचा कायदा आहे, आमच्या कारखान्याने एके वर्षी सात महिने पैसे दिले नव्हते, माझी इंजिनिअरिंगची फी आईच्या पाटल्या मोडून भरली. इथेनॉल सुरू झालं तसे पैसे वेळेत यायला लागले. तुमच्या रविवारच्या चकरीसाठी आम्ही परत त्या दिवसांत जायचं का? आणि २००० साली देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं तेव्हाही हेच रडगाणं होतं की जुन्या गाड्यांचे व्हॉल्व्ह सीट जाणार. आज २६ वर्षांनी तुम्ही त्याच गाड्या चालवताय ना?

ऐरोलीकर_१९७८
अहो, शेतकऱ्यावर कुठे गेलो मी? माझे आजोबा निफाडचे, ऊस आम्हालाही माहीत आहे. मी म्हणतो इथेनॉल जरूर विका, पण पंपावर साधं पेट्रोलसुद्धा ठेवा, ज्याला जे हवं ते घेईल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की ई झिरोसाठी (बिनइथेनॉल पेट्रोल) बनलेल्या आणि ई टेनला (१० टक्के इथेनॉल) ट्यून केलेल्या चारचाकीचं अॅव्हरेज ई ट्वेंटीवर ६-७ टक्के कमी होईल. नवीन गाडीत कॉम्प्युटर असतो, तो मिश्रण सांभाळून घेतो. आमच्या कार्बोरेटरला काय कळतं? इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअपला अडखळतं. मी मेन जेट एक नंबर मोठा टाकला तेव्हा कुठे नीट चालायला लागली. शिशाशी तुलना करू नका, शिसं पोरांच्या रक्तात जात होतं, ते बंद होणं गरजेचंच होतं.

फडातला
म्हणजे मोठा जेट टाकला आणि गाडी नीट चालली. मग तक्रार कसली राहिली? दोन पाईप आणि एक जेट, यासाठी देशाचं धोरण बदलायचं?

ऐरोलीकर_१९७८
तक्रार ही की मला कोणी विचारलं नाही आणि खर्च माझ्या माथी. तुमचे पैसे सात महिने अडकले तेव्हा तुम्हाला जो राग आला, तोच मला येतोय. रक्कम लहान असेल, राग तोच आहे.

फडातला
...ठीक आहे. पंपावर पर्याय असावा, एवढं मी मान्य करतो. पण "शत्रू" शब्द लागला मला, तो मागे घ्या.

ऐरोलीकर_१९७८
घेतला मागे. माझ्या डायफ्रॅमचा शत्रू, एवढंच धरा.

काळीपिवळी_कोपरी
इथेनॉल-ऊस सगळं झालं, पोराच्या कागदांचं कोणी विचारलंच नाही. माझ्या वडिलांनी २२ वर्षं फियाट टॅक्सी चालवली, हँड गिअरवाली, ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या बंद झाल्या त्या दिवशी म्हातारा जेवला नाही. असो. १९८६ ची गाडी म्हणजे १५ वर्षांनी २००१ ला आरसीचं, म्हणजे नोंदणीचं, रिन्यूअल, मग दर पाच वर्षांनी, शेवटचं २०१६ चं असेल तर २०२१ लाच संपलं. २० वर्षांवरच्या कारची रिन्यूअल फी २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५ हजारांवरून १० हजार केली आहे, वर पर्यावरण कर, वर नवीन नंबर प्लेट. व्हिंटेजचा नंबर मिळेल का असं विचारू नकोस, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात आणि त्या नंबरवर रोजची गाडी चालवता येत नाही. मालकी तुझ्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर आजोबांच्या सह्या आत्ताच घे बाळा. माणूस म्हातारा आहे, उद्या काही झालं तर वारसाचे कागद जमवता जमवता तुझं वर्ष जाईल.

नौपाडा_पद्मिनी
नमस्कार सगळ्यांना, गाडी माझी आहे. भांडण माझ्यामुळे झालं त्याबद्दल सॉरी. सह्या आज संध्याकाळी घेतल्या, काका थँक्यू, आजोबांनी चहा पाजला आणि गाडी कधी सुरू होते ते सांगायला ये म्हणाले. आरसी खरंच २०२१ ला संपलंय. प्लग काढून ऑइल टाकलं होतं, आज ढकलली, पंखा फिरला!! मी आणि वॉचमन दोघंही ओरडलो. मग खाली लोहचुंबक फिरवलं तर ड्रायव्हरच्या दरवाजाखालच्या पट्टीला वीतभर जागेत चिकटतच नाही, पुट्टी भरलेली दिसतेय. आणि मागच्या डाव्या चाकाचा ब्लीड स्क्रू (ब्रेक लाईनमधली हवा काढायचा) पूर्ण गंजलाय, पाना घसरतोय. जोर लावू का?

मुंब्रा_बायपास
थांब. अजिबात जोर लावू नकोस. फिक्स पाना वापरतोयस का? तो ठेव बाजूला, कडा घासून गोल होतील. रिंग पाना लागतो. आधी तारेच्या ब्रशने गंज काढ, रस्ट ऑइल मारून रात्रभर ठेव, सकाळी परत मार. स्क्रू आत तुटला तर अख्खा व्हील सिलेंडर नवीन.

कोलशेतचा_पाना
बघा, तुम्हीच शिकवताय त्याला.

मुंब्रा_बायपास
शिकवतोय कारण तो तुमचं ऐकून उघडणारच आहे. त्याने विचारून मग हात लावला, माझ्या भावाने विचारलं नव्हतं, एवढा फरक मला मान्य आहे. माझी अट अशी: रबराला फक्त ब्रेक ऑइल लागेल, दुसरं काही नाही. लाईन भरताना मी स्वतः हजर असेन. आणि पुट्टीवाली पट्टी वेल्डिंग होऊन पत्रा लागेपर्यंत त्या बाजूला जॅक लावायचा नाही, या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्यावरच सगळा भार आहे. कागद होईपर्यंत गाडी बिल्डिंगच्या आवारातच फिरेल, आरटीओला टो करून न्यायची.

नौपाडा_पद्मिनी
चालेल दादा. रविवारी?

मुंब्रा_बायपास
रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. आर ९ पाईप ऐरोलीकरांकडून घेऊन ठेव, असला तर. पेडलवर तू बसायचं, स्क्रूवर मी. मी "दाब" म्हटलं की दाबून धरायचं, आणि "सोड" म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही.

ऐरोलीकर_१९७८
दोन मीटर शिल्लक आहे माझ्याकडे. पूल ओलांडून मीच घेऊन येतो.