वैयक्तिक, खासगी, गोपनीय: सरकारी पगाराला यांतला कोणता शब्द लागू पडतो?

प्रश्न

माहिती अधिकारात एका कार्यालयाकडे एका कर्मचाऱ्याचं मासिक वेतन, नेमणुकीचा आदेश आणि सेवापुस्तकाची प्रत मागितली होती. उत्तर एका ओळीत आलं: "सदर माहिती वैयक्तिक, खाजगी व गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही." आता प्रथम अपिलाचा मसुदा करतोय आणि या तीन शब्दांवरच अडलोय. तिन्हींचा अर्थ एकच आहे का? आणि खाजगी लिहावं की खासगी?

उत्तर

अर्थ एक नाही, आणि तुमचं अख्खं अपील या फरकावर उभं राहील. म्हणून सावकाश लिहितो.

खाजगी आणि खासगी दोन्ही रुळलेले आहेत. मूळ शब्द 'खास', अरबीतून फारसीमार्गे आलेला, म्हणून मी खासगी लिहितो. मराठेशाहीत खासगी म्हणजे सरदाराच्या घरचा कारभार आणि दौलत म्हणजे राज्याचा. होळकरांकडे ही दोन खाती वेगळी होती. पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगी लावून दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली. बाईंनी देशभर बांधलेले घाट आणि देवळं या खासगीतली. म्हणजे पैसा कुणाचा, हा प्रश्न या शब्दाच्या पोटातच आहे. सरकारी नोकराचा पगार दौलतीतून निघतो. घरी गेल्यावर त्यातून कर्जाचा हप्ता किती जातो, ही त्याची खासगी.

वैयक्तिक म्हणजे फक्त व्यक्तीविषयीचं. माझं नाव, पदनाम, आदेशाखालची माझी सही, सगळं वैयक्तिकच. त्यातलं खासगी काहीही नाही. पगार वैयक्तिक आहे, पण खासगी नाही, हे अपिलात पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या.

गोपनीयची जात निराळी. संस्कृतच्या धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'गुपू रक्षणे' असं आहे; गुप् म्हणजे मुळात राखणं, लपवण्याचा अर्थ मागाहून चिकटला. वैयक्तिक आणि खासगी हे माहितीचे गुण आहेत, गोपनीय हा कुणीतरी मारलेला शिक्का आहे. तो शिक्का दिसला की कुणाला राखतोय हे विचारावं. मी आस्थापना शाखेत २५ वर्षं काढली. तिथे 'गोपनीय अहवाल' असायचा, बोलण्यात सीआर. ज्याचा अहवाल त्यालाच त्यातला शेरा कळत नसे, प्रतिकूल असेल तेवढाच कळवायचे. २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. आता त्याला कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात, तरी "सीआर लिहून झाले का?" हे अजून कानावर येतंच.

प्रश्न

शब्दांचं पटलं. पण कायद्यात कोणता शब्द आहे? गिरीश देशपांडे निकाल पुढे केला तर?

उत्तर

तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ३ ऑक्टोबर २०१२ चा. एका सरकारी कर्मचाऱ्याची सेवेसंबंधी माहिती मागितली होती. ज्ञापनं (मेमो), कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे आदेश, मत्ता-दायित्वाची विवरणं, आयकर विवरणपत्र ही त्यात वैयक्तिक माहिती ठरली. व्यापक जनहित दाखवलं तरच ती मिळेल. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये तेव्हा वैयक्तिक हा शब्द एकटा नव्हता. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगीपणावर नाहक घाला यावा, अशी अट सोबत होती. शिवाय जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते कुणालाच नाकारता येणार नाही, असं परंतुकही (कलमाला जोडलेली पुस्ती) होतं. थोडक्यात, कायदा वैयक्तिक म्हणत होता आणि त्याला अभिप्रेत होतं खासगी.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने, कलम ४४(३) मधून, हे सगळं काढून टाकलं. उरली 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढीच. नोव्हेंबर २०२५ पासून ते लागू आहे. दोन शब्दांतली भिंत गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सरकारी कागदात कुणा ना कुणा व्यक्तीचं नाव असतंच.

तरी हात टेकू नका. कलम ८(२) जागेवर आहे: जनहित जड असेल तर माहिती देता येते. आणि कलम ४(१)(ख), ज्याला कार्यालयांत '१ ते १७ बाबी' म्हणतात, तेही जागेवर आहे. त्यातली दहावी बाब म्हणजे प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचं मासिक वेतन. ते कुणी मागायची वाट न बघता कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं.

दुसऱ्या एकांचं म्हणणं

मी सेवेत आहे. वेतन जाहीर असावं, मान्य. पण सेवापुस्तक मागणं मला खटकतं. त्यात आमचं काय काय असतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

उत्तर

तुमचं खटकणं रास्त आहे. पहिलं पान उघडा: वडिलांचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, उंची, "उजव्या भुवईवर जखमेची खूण" असलं ओळखचिन्ह, खाली बोटांचे ठसे. पुढे कुठेतरी नामनिर्देशन, म्हणजे वारस कोण आणि कुणाला किती हिस्सा. ही खासगी. पण त्याच पुस्तकात नेमणूक, वेतननिश्चिती, वेतनवाढ, पदोन्नती यांच्या नोंदी असतात, आदेश क्रमांकासह. त्या दौलतीच्या. एकाच पुठ्ठ्यात दोन्ही बांधलेलं आहे, म्हणून सगळंच नाकारायचं असं होत नाही. कलम १० त्यासाठीच आहे: न देण्याजोगं झाका, उरलेलं द्या. अर्जदारानेही 'संपूर्ण सेवापुस्तक' असं लिहू नये. नेमणुकीच्या आणि वेतननिश्चितीच्या नोंदी हव्यात, असं नेमकं मागावं.

प्रश्न

अर्ज तसाच बदलतो. शेवटचं एक: पगार, वेतन, की मोबदला?

उत्तर

पगार पोर्तुगीज 'पागार' वरून आला, म्हणजे पैसे चुकते करणं. बोलण्यात तोच. वेतन पाणिनीइतकं जुनं आहे, 'वेतनादिभ्यो जीवति' असं सूत्रच आहे. अर्जात वेतन लिहा, नियमांत तोच शब्द आहे. मोबदल्यात मात्र भत्तेही येतात, आणि इथे एक चूक मला फार सलते. बऱ्याच कार्यालयांच्या संकेतस्थळांवर दहाव्या बाबीत मासिक वेतनानंतर "नुकसानभरपाई देण्याची पद्धती" असं छापलेलं असतं. इंग्रजीतल्या 'कॉम्पेन्सेशन' शब्दाचे दोन अर्थ, त्यातला चुकीचा उचलला गेला. तिथे हवं होतं 'मोबदला देण्याची पद्धती'. टेबलावरचा लिपिक तो रकाना वाचतो, आपल्याकडे कसलं नुकसान, कसली भरपाई, असं म्हणून 'निरंक' लिहितो, आणि भत्त्यांचा हिशेब जाहीर व्हायचा राहून जातो. अपिलात हा रकाना दाखवून द्या, आणि कंसात 'वेतन व भत्ते' लिहा.