मदत हवी आहे: मॉली माशांची पिल्लं पाचव्या दिवसापासून थरथरतात

60 लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, काळ्या मॉलीचा 1 नर, 3 माद्या. पाणी आरओचं: तापमान 27 अंश, पीएच 6.8, जीएच (पाण्याचा कठीणपणा) जेमतेम 4. अमोनिया, नायट्राइट शून्य. पिल्लं जावा मॉसमध्ये (टाकीतली शेवाळासारखी वनस्पती) लपतात, त्यामुळे मोठ्या माशांकडून खाल्ली जात नाहीत. पण पाचव्या दिवसापासून पंख मिटून जागच्या जागी थरथरतात आणि मरतात. खाणं आर्टेमियाची (बारीक कोळंबीसारखा जीव) ताजी पिल्लं आणि स्पिरुलिना शैवालाचा चुरा, दिवसातून 3 वेळा.

संशय मऊ पाण्यावरच; मॉलीला जीएच 15 च्या आसपास मानवतो. जीएच वाढवायला जाळीच्या पिशवीत कोरलचा (प्रवाळाचा) चुरा ठेवावा, की आठवड्याच्या 20 टक्के पाणीबदलात बोअरचं पाणी (जीएच 18) घालावं? पिल्लं असताना जीएच किती वेगाने वाढवावा? साधं मीठ सुचवू नका, त्याने जीएच वाढत नाही आणि जास्त झालं तर मॉस मात्र जळतं.