पिल्लांच्या शिटेत रक्त, नवीन पिल्लाचे पाय फाकलेत, आणि वर एक कोंबडी खुडूक बसलीय

संगमेश्वरकर:
नमस्कार मंडळी, आमच्याकडे घरापुरत्या गावरान कोंबड्या आहेत, विकायला वगैरे नाहीत. आईने एका खुडूक (म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेल्या) कोंबडीखाली अंडी बसवली होती, ती पिल्लं आता चारेक आठवड्यांची झालीत. परवापासून तीनचार पिल्लं पंख पाडून, पिसं फुलवून कोपऱ्यात डोळे मिटून उभी असतात, दाणे टाकले तरी येत नाहीत आणि शिटेत चक्क रक्त आहे, एक आज सकाळी मेलं. शेजारचे काका म्हणतात मानमोडी आलीय, आता एकही राहत नाही. लस काही दिलेली नाही. त्यात मावसभावाने थर्माकोलच्या पेटीत अंडी उबवून काढलेली पिल्लं आणून दिलीत, दोन दिवसांची आहेत, त्यातल्या एकाचे पाय दोन बाजूंना फाकतात, उभंच राहता येत नाही बिचाऱ्याला. आणि दुसरी कोंबडी खुडूक बसलीय ती उठायला तयार नाही. एवढ्या पावसात तिला अंडी बसवू का? आई हळद-लसूण देतेय सगळ्यांना.

रानातला गडी:
मानमोडी न्हाई ओ ती. मानमोडीत हिरवी पातळ हगवण, तोंड उघडून श्वास घेत्यात, मान पिळती, आणि मोठ्या कोंबड्या पण पटापट जात्यात. तुमच्या मोठ्या कोंबड्या बऱ्या हायत ना? मग ही रक्ती हगवण. आमच्याकडं दर पावसाळ्यात येती. खुराड्यातली जमीन वली असंल बघा.

संगमेश्वरकर:
हो दादा, मोठ्या सगळ्या ठणठणीत आहेत. जमीन ओली आहे, कोकणातला जुलै, कोरडं काय असणार 😅 खाली भाताचं तूस टाकलंय पण ते पाण्याच्या भांड्याजवळ चिखल झालंय.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
वरचे दादा बरोबर सांगतायत, लक्षणं कॉक्सीची दिसतायत, म्हणजे रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांनाच ती जास्त धरते. शिटेतून जंतूची अंडी पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत ती रोग लावायला तयार होतात आणि पिल्लं तेच तूस चिवडत बसतात. त्यामुळे औषध दिलं आणि तूस तसंच ठेवलं तर पैसे पाण्यात. आधी तूस सगळं काढा, लांब नेऊन पुरा, कोरडं टाका, रोज हलवा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा म्हणजे सांडत नाही आणि त्यात शीटही पडत नाही. फिनेल मारून उपयोग नाही, साध्या जंतुनाशकाने हे मरत नाहीत, वाळवणं हाच उपाय.
औषध एम्प्रोलियम. २० टक्क्यांची पावडर मिळते, लिटरभर पाण्यात साधारण १.२ ग्रॅम, पाच दिवस, तरी पाकिटावरचं प्रमाण वाचा कारण कंपनीनुसार ताकद वेगळी असते. दुसरं पाणी ठेवायचंच नाही. पावसात पिल्लं पागोळ्यांचं पाणी पितात आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही, म्हणून तेवढे दिवस आत कोंडा. जी पीतच नाहीत त्यांच्या चोचीच्या कडेला ड्रॉपरने थेंब थेंब सोडा. मेलेलं पिल्लू वहाळात टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. जमलं तर मेलेलं किंवा शीट घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जा, मायक्रोस्कोपखाली लगेच कळतं. नाहीतर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा.
आणि ती दोन दिवसांची पिल्लं यांच्यात अजिबात सोडू नका. आधी लहानांचं दाणापाणी करायचं, हात धुवायचे, आजारी सगळ्यात शेवटी.

संगमेश्वरकर:
धन्यवाद साहेब. मेडिकलवाल्याने अशक्तपणासाठी बी कॉम्प्लेक्सचं लिक्विड पण दिलंय, ते याच पाण्यात घालू का?

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
नको. एम्प्रोलियम काम करतं तेच बी-१ ची (बी कॉम्प्लेक्समधलंच एक जीवनसत्त्व) जागा अडवून, त्या जंतूला बी-१ मिळू द्यायचं नाही म्हणून. तुम्ही वरून बी-१ ओतलंत तर औषध बोथट होतं. पाच दिवसांचा कोर्स संपू दे, मग द्या. हळद-लसणाने नुकसान काही नाही पण तेवढ्यावर थांबू नका.

परसातली ताई:
पाय फाकलेल्याचं मी सांगते. खोक्यात पेपर अंथरलाय का? बहुतेक तेच असतं, पेपरवर पाय घसरतात आणि तसेच वळतात. आधी पेपर काढून गोणपाटाचा तुकडा घाला. मग बँडेडची बारीक पट्टी कापून दोन्ही पायांना अशी बांधायची की पाय जेवढे सरळ उभ्या पिल्लाचे असतात तेवढ्याच अंतरावर राहतील, मध्ये पट्टीचा पूल झाला पाहिजे. घट्ट नको, पाय सुजतो. पहिला तासभर ते धडपडतं, तोंडावर पडतं, आपला जीव खालीवर होतो पण सोडायचं नाही 🙏 दाणापाणी जवळ ठेवा. दोन-तीन दिवसांत उभं राहतं, पण हे पहिल्या आठवड्यातच करायचं, नंतर हाडं पक्की होतात. बोटं आत मुडपलेली असतील तर ते वेगळं, तिथे बी-२ कमी असतं, त्याला मल्टीव्हिटॅमिनचे थेंब.
बल्ब आहे ना वर? पहिल्या आठवड्यात ३५ डिग्रीच्या आसपास लागतं, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्री कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात, बल्बखाली एकावर एक चढून ओरडत असतील तर गारठलीत, भिंतीला चिकटून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. मागून शीट चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका, कातडी निघते.

रानातला गडी:
खुडूक कोंबडीला बसवा की. पाऊस हाय म्हणून न्हाई असं काय न्हाई, जागा कोरडी पायजे. पण त्या रोगट खुराड्यात नगो, घरात पडवीला पाटीत बसवा, खाली राख अन वर पेंढा, राखेनं पिसवा कमी व्हत्यात. अंडी आठवड्याच्या आतली, धुवायची न्हाईत, धा-बारा बास, जास्त घातली तर कडंची गार पडत्यात. सांजच्याला बसवा म्हंजी गप बसती. आमची म्हातारी त्यात कोळसा अन खिळा ठेवती, ईज कडाडती म्हणून, ठेवला तर ठेवा 😄 सातव्या-आठव्या दिवशी अंधारात मोबाईलची बॅटरी लावून बघा, लाल शिरा दिसल्या तर जिवंत, नितळ असंल तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी टोचा मारला म्हणून लगेच कवच सोलायला जाऊ नका, पिल्लू दिवसभर सुदिक घेतं, आत रक्त अन बलक वढून घेत असतं.

परसातली ताई:
+१ सोलू नका. आणि भाऊ, या नवीन पिल्लांना लस द्याच. पाच-सात दिवसांची झाली की लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. अडचण एवढीच की बाटली शंभर किंवा जास्त मात्रांची येते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एक दिवस ठरवून आणायची. आणताना थर्मासमध्ये बर्फ. आजारी असलेल्यांना मात्र आत्ता देऊ नका, ती बरी होऊन आठवडाभर खाऊ-पिऊ देत.

संगमेश्वरकर:
तूस काढलं, एम्प्रोलियम सुरू केलं, पट्टीपण बांधली. वाडीत विचारतो लसीचं, काकांकडेच वीसेक कोंबड्या आहेत, त्यांनाच पहिलं गाठतो.